शिवारातील सौंदर्य आणि शेतकऱ्याचे मनोबल

पिकाची जोपासना कशी करावी, यासंबंधी शेतकऱ्यास मार्गदर्शन करणारी माहिती आज विपुल उपलब्ध आहे. माती परीक्षण, सुधारित बियाणे, ठिबक सिंचन, खतांच्या मात्रा, रोग व किडींचे नियंत्रण इत्यादी विषयांवर सातत्याने लिहिले व बोलले जाते, आणि ते आवश्यकही आहे. तथापि जो माणूस हे पीक उभे करतो, त्याच्या मनाची जोपासना कशी व्हावी, याचा विचार त्या मानाने फार थोडा होतो. वास्तविक शेतीच्या सर्व साधनांमध्ये शेतकऱ्याचे मन हेच पहिले साधन होय. बैल थकला तर त्यास विसावा दिला जातो. पंप तापला तर तो काही काळ बंद ठेवला जातो. मन थकले तर मात्र त्याची दखल घेण्याची रीत आपल्याकडे नाही.

मनास विसावा देणारे एक बिनखर्ची साधन शेतकऱ्याच्या हाताशी सदैव असते. ते म्हणजे त्याच्या स्वतःच्या शिवारात रोज असणारे, परंतु बहुधा पाहिले न जाणारे सौंदर्य. या साधनाचा उपयोग कसा होतो, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याचा वापर कोणत्या रीतीने करावा, याचा विचार येथे नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

नाशिक जिल्ह्यातील परिस्थिती

नाशिक जिल्ह्यात निसर्गाची अनेक रूपे एकत्र नांदतात. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत मुसळधार पाऊस होऊन भात, नागली व वरई पिकते. पूर्वेकडे सिन्नर, येवला व नांदगाव या भागांत पावसाची वाट पाहण्यातच हंगाम सरतो. मध्यभागी निफाड व दिंडोरी येथे द्राक्षबागांचा विस्तार आहे, तर उत्तरेस कळवण, बागलाण व मालेगाव या भागांत कांदा आणि डाळिंब ही महत्त्वाची पिके आहेत. लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारपेठांचे नाव देशभर परिचित आहे.

हे वैभव ज्या कष्टांवर उभे आहे, त्या कष्टांना जोखीमही तेवढीच मोठी आहे. द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो, आणि पोंगा अवस्थेपासून मण्यात गोडी उतरेपर्यंत रात्रंदिवस बागेची निगा राखतो. एवढे करून अर्ध्या तासाची गारपीट वर्षाचे काम मातीत घालू शकते. २०१४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील गारपिटीची आठवण अद्याप पुसलेली नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारपीट होऊन द्राक्ष व कांदा या पिकांची मोठी हानी झाली. त्यानंतर दोन आठवडे उलटण्यापूर्वीच कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली व ती मे २०२४ पर्यंत राहिली. मे २०२५ मध्ये मान्सूनपूर्व पावसाने उन्हाळ कांदा भिजला.

अशा लागोपाठच्या आघातांनंतर शेतकऱ्याच्या घरात जी शांतता पसरते, ती गावात फिरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या परिचयाची आहे. माणूस बोलेनासा होतो. शेतात जाणे टाळतो. रात्री झोप लागत नाही, आणि पडल्या पडल्या कर्जाचा तोच हिशेब मनात पुन्हा पुन्हा केला जातो. हिशेब करण्यास हरकत नाही. पण एकच हिशेब रात्रभर शंभर वेळा केल्याने त्यातील आकडा बदलत नाही, माणूस मात्र खचत जातो.

निसर्गात असूनही निसर्ग का दिसत नाही?

येथे एक शंका साहजिकच निर्माण होईल. शेतकरी तर जन्मापासून निसर्गातच राहतो. शहरातील माणसास झाड पाहण्यासाठी बागेत जावे लागते. शेतकऱ्यास त्यात नवल ते काय? शिवाय ज्या निसर्गाने पीक नेले, त्याचेच सौंदर्य पाहा असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय?

शंका योग्य आहे, आणि तिच्या उत्तरातच या विषयाचे मर्म आहे. शेतकरी निसर्गाकडे पाहतो हे खरे. परंतु बव्हंशी तो धोका शोधण्यासाठी पाहतो. आभाळाकडे पाहायचे ते गारांचा ढग ओळखण्यासाठी. पानाकडे पाहायचे ते भुरी किंवा केवडा दिसतो का, यासाठी. पाखराकडे पाहायचे ते मणी टोचील म्हणून. ही नजर व्यवसायास आवश्यक आहे व ती कोणी सोडू नये. पण दिवसभर हीच एक नजर वापरली, तर शेतातला प्रत्येक पदार्थ भयाची खूण बनतो आणि मनास क्षणाचीही उसंत मिळत नाही.

दवाचेच उदाहरण घ्यावे. पौषातील पहाटे निफाडच्या बागेत पानापानांवर दव साचते. द्राक्षबागायतदाराच्या दृष्टीने पान फार वेळ ओले राहणे म्हणजे केवडा रोगास आमंत्रण. त्यामुळे दव दिसताच त्याच्या मनात फवारणीचे वेळापत्रक सुरू होते. पण त्याच क्षणी दोन वेलींच्या मधल्या तारेवर कोळ्याने विणलेले जाळे दवाच्या थेंबांनी उजळलेले असते, आणि सूर्य वर येताच त्या थेंबांत रंग उमटतात. फवारणीचा निर्णय पाच मिनिटांनी घेतल्याने बिघडत नाही. त्या पाच मिनिटांत जाळे पाहून घेतले, तर दव तेच राहते, धोकाही तोच राहतो; पाहणाऱ्याचे मन मात्र थोडे सैल झालेले असते. शिवाय कोळी हा शेतकऱ्याचा मित्रकीटकांप्रमाणेच साह्यकर्ता आहे, हेही त्यास आठवते. तात्पर्य, शेतकऱ्याने जुनी नजर टाकून द्यावयाची नसून तिच्या जोडीला दुसरी नजर कमवावयाची आहे.

शास्त्रीय निरीक्षणे

निसर्गाकडे लक्षपूर्वक पाहिल्याने मनावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास इतर देशांतही झालेला आहे. अमेरिकेतील रेचल व स्टीफन कॅपलान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली आपले विवेचन ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्या मते माणसाचे लक्ष दोन प्रकारचे असते. हिशेब, नियोजन, यंत्र चालविणे अशा कामांत लक्ष जाणीवपूर्वक बांधून ठेवावे लागते, आणि ते काही काळाने थकते. वाहते पाणी, हलणारी पाने, सरकणारे ढग यांच्याकडे मात्र लक्ष आपोआप जाते. त्यास श्रम पडत नाहीत. या दुसऱ्या प्रकारच्या लक्षात पहिल्यास विश्रांती मिळते व ते पुन्हा कामास योग्य होते. जमिनीस फेरपालट जशी उपकारक, तशीच ही मनाची फेरपालट म्हणता येईल.

रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. २०२० साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ६० वर्षांवरील व्यक्तींना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे फिरावयास सांगितले. त्यांतील एका गटास, वाटेत जे दिसेल ते नवलाईने पाहावे, एवढीच अधिक सूचना होती. या गटातील व्यक्तींच्या मनाची अस्वस्थता कमी झाल्याचे दिसून आले. विशेष म्हणजे त्यांनी स्वतःची जी छायाचित्रे काढली, त्यांत दर आठवड्यास स्वतःची आकृती लहान होत गेली व मागचा परिसर मोठा. दुःख नाहीसे होत नाही. पण ते ज्या चौकटीत बसवलेले असते ती चौकट मोठी होते, असा याचा अर्थ घेता येईल.

बहिणाबाईंचे उदाहरण

ही गोष्ट परदेशी संशोधनातूनच शिकावी लागते असे नाही. नाशिक विभागातील जळगाव जिल्ह्यात, आसोदे या गावी, १८८० साली शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे आयुष्य याचे ठसठशीत उदाहरण आहे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. लहान वयात लग्न झाले आणि तिशीच्या सुमारास वैधव्य आले. मुलांचा सांभाळ, शेतीची कामे, घरातील अडचणी आणि प्लेगच्या साथीने घातलेले घाले, हे सर्व त्यांच्या वाट्यास आले.

अशा जीवनात त्यांनी आपल्या बोलीतील गाणी रचली ती वेगळा वेळ काढून नव्हे, तर जात्यावर दळताना, पेरणी, कापणी व मळणी करताना. सुगरणीचा खोपा, धरणीतून वर येणारा कोंब, मोट, वारा, घरातील भांडी अशा रोजच्या वस्तू त्यांनी इतक्या बारकाईने पाहिल्या की त्यांतून त्यांना स्वतःच्या दुःखाकडे पाहण्याचे बळ लाभले. १९५१ साली त्यांचे निधन झाले. पुत्र सोपानदेव चौधरी यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. या उदाहरणातून घ्यावयाचा बोध असा की, सौंदर्य पाहण्यास शिक्षण, पैसा वा रिकामा वेळ यांपैकी कशाचीही अट नाही. हात कामात असताना डोळे व मन उघडे ठेवता येतात.

बहिणाबाई या परंपरेत एकट्या नव्हत्या. महाराष्ट्रातील खेड्यांतून अभ्यासकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आहेत. त्यांत सासुरवास व गरिबी जशी आहे, तसाच पाऊस, पीक व पाखरेही आहेत. पुढील काळात पळसखेडचे शेतकरी कवी ना. धों. महानोर (१९४२ ते २०२३) यांनी कोरडवाहू शेतीच्या सर्व अडचणी सोसत तोच वारसा चालविला.

खुद्द नाशिक शहरातही याचा दाखला आहे. १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक नाशिकच्या कारागृहात लिहिले. भिंतींच्या आत असताना त्यांनी ज्या आठवणी मांडल्या, त्यांत मुक्या कळ्यांवर माया करावयास शिकविणाऱ्या आईची आठवण आहे. लहानपणी डोळ्यांनी साठविलेले धन कठीण काळात असे कामास येते.

नाशिकच्या शिवारात काय पाहावे?

सौंदर्य पाहावे, एवढे मोघम सांगून भागत नाही. कोणत्या हंगामात कोठे काय दिसते, हे सांगितल्यास सवय लागणे सोपे जाते. पुढील गोष्टी जिल्ह्यातील कोणाही शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहेत.

उन्हाळा : माघ-फाल्गुनात पळस सर्व पाने टाकून केशरी फुलांनी भरतो. बांधावरचा कडुनिंब चैत्रात बारीक पांढऱ्या मोहोराने डवरतो व सायंकाळी त्याचा मंद सुवास वाऱ्यावर येतो. रानात काही उरलेले नाही असे वाटण्याच्या दिवसांत बहावा पिवळे घोस सोडतो. वैशाखाच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आधी, सह्याद्रीच्या पायथ्याशी झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. कांद्याचे बीजोत्पादन घेणाऱ्यांनी त्याआधीच, डेंगळे फुलल्यावर, गोंड्याकडे जवळून पाहावे. एका गोंड्यात शेकडो लहान फुले असतात व त्यांवर मधमाश्यांची वर्दळ चालते. याच माश्यांमुळे बी भरते. म्हणून फुलोऱ्यात अनावश्यक फवारणी टाळावी, हा धडाही त्या पाहण्यातूनच मिळतो.

पावसाळा : पावशा पक्ष्याची साद ‘पेरते व्हा’ अशी ऐकण्याची रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मखमलीसारखे लाल किडे जमिनीवर दिसतात. ते पिकास अपाय करीत नाहीत. पहिल्या पावसाचा मातीचा वास सर्वांना प्रिय असतो. या वासास १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. त्यातील मुख्य द्रव्य जमिनीतील सूक्ष्म जीव तयार करतात. म्हणजे तो वास जिवंत मातीची खूण आहे. श्रावण-भाद्रपदात त्र्यंबक व इगतपुरीचे डोंगर तेरडा व सोनकीच्या फुलांनी रंगतात. काही उतारांवर कारवी असते. ती सात वर्षांनी एकदाच फुलते व बी देऊन वाळून जाते.

हिवाळा : ऑक्टोबरपासून शेतात धोबी पक्षी शेपटी हलवीत फिरू लागतो; तो उत्तरेकडून लांबचा प्रवास करून आलेला पाहुणा असतो. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूर मध्यमेश्वर हे पाणथळ क्षेत्र १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि जानेवारी २०२० मध्ये ‘रामसर’ यादीत समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. तेथे हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या व इतर अनेक जातींची बदके उतरतात. ज्यांच्या शेतावरून हे थवे रोज सायंकाळी जातात, त्यांपैकी किती जण मान वर करून पाहतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. याच दिवसांत रात्री पाणी भरावयास जाणाऱ्यांना मृग नक्षत्र डोक्यावर दिसते. सूर्य मृगात असतो तो जूनमध्ये, म्हणून त्या महिन्यात हे नक्षत्र उजेडात लपलेले असते. ज्याच्या नावाने पेरणी होते, ते डोळ्यांनी पाहावयाचे ते थंडीत. मात्र रात्री शेतात जाताना बिबट्या व सर्प यांपासून सावधगिरी म्हणून विजेरी, काठी व सोबती असावा.

वेल व पाखरू यांच्यापासून घ्यावयाचा धडा

निरीक्षण सूक्ष्म झाले की सौंदर्याबरोबर समजही येते. द्राक्षाच्या काडीवरील डोळा बाहेरून एकच दिसतो. परंतु त्याच्या पोटात मुख्य अंकुराशेजारी आणखी दुय्यम अंकुर दडलेले असतात. गारेने वा थंडीने मुख्य अंकुर मेला, तर दुय्यम अंकुर फुटतो. त्यास घड कमी लागतात हे खरे, त्यामुळे झालेला तोटा भरून निघत नाही. पण वेल जगते व पुढील हंगामासाठी काडी तयार करते. नुकसानीच्या वर्षी वेलीचे हे धोरण शेतकऱ्याने अवश्य पाहावे.

सुगरण पक्ष्याचेही असेच आहे. खोपा विणतो तो नर. विहिरीवर झुकलेल्या बाभळीस किंवा शिंदीस तो गवताच्या पात्यांचे घरटे अर्धे विणून टांगतो. मादीस ते पसंत पडले तर पुरे होते. न पडल्यास नर ते सोडून देतो आणि दुसरे विणावयास घेतो. पावसाळ्यात झाडाखाली पडलेले अर्धवट खोपे अनेकांनी पाहिले असतील. ते पाखराच्या अपयशाचे नव्हे, तर पुन्हा केलेल्या प्रयत्नांचे अवशेष होत.

सवय कशी लावावी?

ही सवय लावण्यास पुढील साध्या गोष्टी उपयोगी पडतील.

१. रोजच्या शिवारफेरीत कीड-रोगाची पाहणी पूर्ण झाल्यावर पाच मिनिटे थांबावे आणि एकच गोष्ट नीट पाहावी. मोबाइल खिशात ठेवावा.

२. जे दिसले ते शेतीच्या नोंदवहीत एका ओळीत लिहावे. ‘कडुनिंबास मोहोर’, ‘पहिला धोबी दिसला’ एवढे पुरे. दोन-तीन वर्षांनी याच नोंदी हंगामाचा स्थानिक अंदाज घेण्यासही उपयोगी पडतात.

३. रात्री जेवताना घरातील प्रत्येकाने दिवसभरात पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगावी. लहान मुलांना यात विशेष गोडी वाटते, आणि घरात केवळ भाव व कर्ज यांचेच बोलणे होत नाही.

४. बांधावर कडुनिंब, पळस, बहावा, बाभूळ यांसारख्या देशी झाडांना जागा ठेवावी. हरभऱ्यासारख्या पिकात पक्षीथांबे उभारावेत; पक्षी घाटेअळी टिपतात आणि पाहण्याचा आनंदही देतात.

५. आठवड्यातून एकदा शेजाऱ्यास बरोबर घेऊन फिरावे. एकट्याचे पाहणे चांगले, पण दुःखाच्या काळात सोबतीचे पाहणे अधिक चांगले.

ही सवय बरकतीच्या वर्षात लावून घ्यावी. विहीर तहान लागल्यावर खणून चालत नाही. त्याचप्रमाणे मनाची ही ओल आधीच साठवावी लागते.

या उपायाची मर्यादा

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पळसाचे फूल पाहिल्याने कर्ज फिटत नाही, आणि थवे पाहिल्याने बाजारभाव वाढत नाही. नुकसानभरपाई, पीक विमा, कर्जाची पुनर्रचना, योग्य भाव व पाण्याची सोय या गोष्टी शेतकऱ्याच्या हक्काच्या आहेत. त्यांच्याऐवजी कोणी त्यास निसर्गसौंदर्याचा उपदेश करील, तर तो उपदेश अनुचित होय. या सवयीचा उपयोग एवढाच, की ही सर्व कामे करण्यास लागणारा धीर तिच्यामुळे टिकून राहतो. खचलेला माणूस पंचनाम्याच्या वेळी हजर राहत नाही, बँकेत जात नाही, कागद पुरे करीत नाही. सावरलेला माणूस ते करतो.

तसेच मनाचे काही आजार असे असतात की त्यांस केवळ सवयीने उतार पडत नाही. अनेक दिवस झोप न येणे, अन्नावरची वासना उडणे, माणसांत न मिसळणे, आपण घरच्यांना भार झालो आहोत असे बोलणे, व्यसन वाढणे ही लक्षणे दिसल्यास ती गंभीर समजावीत. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये. घरातील व शेतातील विषारी औषधे कुलुपात ठेवून किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. तिला विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते. अंगात ताप असता डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. मन आजारी असतानाही तो नाही.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्याने या विषयात क्रम सांभाळणे महत्त्वाचे आहे. गारपिटीनंतर बागेत गेल्यावर प्रथम ऐकून घ्यावे. शेतकरी बोलत असताना मध्येच उपाय सुचवू नयेत. त्यानंतर पंचनामा, अर्ज, मुदती यांची माहिती अचूक द्यावी. मग वाचलेल्या वेलींची निगा कशी राखावी, हे प्रत्यक्ष दाखवावे. ज्याची बाग डोळ्यांसमोर पडली आहे, त्यास त्याच दिवशी फुले पाहावयास सांगू नये. काही दिवसांनी पुन्हा जावे, आणि त्याच्याबरोबर बागेतून निमूटपणे एक फेरी मारावी. खरचटलेल्या काडीवर नवा फुटवा दिसला, तर तो दाखवावा आणि थांबावे. अधिक बोलण्याची गरज बहुधा पडत नाही.

शेतकरी मेळावे व शेतीशाळा यांच्या आरंभी, ‘या आठवड्यात शिवारात नवीन काय दिसले?’ असा प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडता येईल. त्यामुळे मित्रकीटकांपासून पाखरांपर्यंत अनेक गोष्टी बोलण्यात येतात, अबोल माणसेही बोलू लागतात, आणि जो कधीच बोलत नाही त्याच्याकडे वेळीच लक्ष जाते. स्त्री शेतकऱ्यांना यात आवर्जून सहभागी करून घ्यावे. खुरपणी व तोडणी करताना पिकाच्या सर्वांत जवळ त्याच असतात, व त्यांचे निरीक्षण बहुधा सर्वांत सूक्ष्म असते. शाळेतील मुलांकडून गावातील झाडे व पक्षी यांची यादी करून घेऊन ती ग्रामपंचायतीत लावल्यास गावाचे या धनाकडे लक्ष वेधले जाईल.

शेतीत नफा-तोटा चालावयाचाच. पाऊस कधी वेळेवर येईल, कधी येणार नाही. भाव कधी चढेल, कधी पडेल. या सर्वांतून शेती टिकवून धरणारा माणूस टिकला पाहिजे. त्यासाठी लागणाऱ्या अनेक गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात व त्यांना पैसा पडतो. शिवारातले सौंदर्य मात्र बांधावर उभे आहे. त्यास सातबारा लागत नाही, आणि भूमिहीन मजुरासही ते तेवढेच खुले आहे. उद्या सकाळी शेतात जाताना प्रत्येकाने पाच मिनिटे आधी निघावे, हीच या उपक्रमाची सुरुवात ठरेल.